आजोबांनी पाणी संपवलं का?

एप्रिल उजाडला की टँकरच्या बातम्या सुरू होतात आणि त्यांच्यामागोमाग घराघरातला एक जुना वाद. नातवंडं म्हणतात, तुम्हीच सगळं उपसून बसलात. आजोबा म्हणतात, आमच्या वेळी तीस फुटांवर पाणी होतं, आणि उसाच्या नादी लागू नका हे आम्हीच ओरडून सांगत होतो. गंमत अशी की दोघंही थोडे खरे आहेत. इशारा देणारी आणि उपसा करणारी पिढी एकच होती, कधी कधी तर एकाच घरातली.

हा वाद नुसत्या तोंडानं मिटत नाही. त्यासाठी जमिनीखाली पाणी राहतं कसं, मावतं किती आणि दर वर्षी त्याचं काय होतं, हे पाहावं लागतं. महाराष्ट्राच्या खडकाचा स्वभावच असा आहे, की १९७५ साली उपसलेलं पाणी आणि आजची टंचाई यांचा संबंध वाटतो तितका सरळ नाही.

## खडकात पाणी राहतं कुठं?

जमिनीखाली नद्या वाहतात आणि आपलं बोअर नेमकं त्या धारेवर बसलं पाहिजे, हा समज अजून गेलेला नाही. नारळ हातावर आडवा धरून फिरणाऱ्यांचं पोट त्यावरच चालतं. प्रत्यक्षात राज्याच्या सुमारे ८० टक्के भूभागाखाली काळा बेसाल्ट आहे, आणि त्यात पाणी फक्त फटी, भेगा आणि बारीक पोकळ्यांत राहतं. पाणी साठवून विहिरीला देणाऱ्या अशा थराला जलधर म्हणतात.

साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक पसरत गेले. भाकरींची चवड डोळ्यांसमोर आणा. प्रत्येक भाकरीचा वरचा पापुद्रा फुगलेला, खालचा भाग घट्ट. लाव्हाच्या थराचंही तसंच असतं. वरच्या भागात वायूचे बुडबुडे अडकून तो सच्छिद्र झालेला. विहीर खणणारे त्याला मांजऱ्या म्हणतात. खालचा भाग म्हणजे काळा पाषाण, त्यात भेगा असल्या तर पाणी, नसल्या तर सुरुंग लावूनही कोरडा. दोन थरांच्या मध्ये कुठं कुठं गेरूसारखा तांबडा पट्टा असतो. तो चिकण असल्यानं पाणी सहजासहजी खाली जाऊ देत नाही. हा तांबडा पट्टा लक्षात ठेवा, पुढं तो लागणार आहे.

मे महिन्यात एखाद्या जुन्या विहिरीत डोकावलं तर ही चवड उघडी दिसते. वर तीन-चार फूट काळी माती, मग मुरूम, मग पांढऱ्या ठिपक्यांचा मांजऱ्या, आणि तळाशी काळा पाषाण. पाझराची ओल बहुतेक वेळा मुरुमाच्या आणि मांजऱ्याच्या पट्ट्यातच असते. विहिरीचं खरं उत्पन्न येतं ते या वरच्या १०–१५ मीटरमधून.

आता मोजमाप. झिजलेल्या बेसाल्टचे १०० घनमीटर पूर्ण भिजलेले असले तरी त्यातून विहिरीला मिळणारं पाणी साधारण २ घनमीटर. बाकीचा सगळा दगड. म्हणजे एक हेक्टर शेताखालची पातळी ५ मीटर उतरते तेव्हा हाती येतं १,००० घनमीटर, म्हणजे दहा लाख लिटर पाणी. आकडा मोठा वाटतो. पण तेच पाणी त्याच हेक्टरवर पसरलं तर थर फक्त १० सेंटिमीटरचा होतो. गव्हाला दीडेक पाळी.

## कणगी नव्हे, डबा

कणगीत वर्षा-दोन वर्षांचं धान्य मावतं. स्वयंपाकघरातल्या डब्यात महिन्याचं. बेसाल्टचा वरचा थर हा डबा आहे: लवकर भरतो, लवकर रिकामा होतो. ५०० मिलिमीटर पाऊस पडला आणि त्यातला दहावा हिस्सा मुरला, तर ५० मिलिमीटर पाणी आत जातं. दोन टक्के पोकळीच्या खडकात तेवढ्यानं पातळी अडीच मीटर वर येते. म्हणून एका चांगल्या पावसाळ्यात विहिरी काठोकाठ भरतात आणि माघ-फाल्गुनात तळ दाखवतात.

याचा सरळ अर्थ असा, की आजोबांनी १९७५ च्या उन्हाळ्यात वरच्या थरातून उपसलेलं पाणी पुढच्या एक-दोन चांगल्या पावसाळ्यांत भरून निघालं होतं. ते आजच्या हिशेबात थकबाकी म्हणून येत नाही. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडचं तसं नसतं. पन्नास वर्षांपूर्वी धुराड्यातून गेलेल्या वायूचा मोठा हिस्सा आजही वर आहे, त्यामुळे तिथं मागच्या पिढ्यांचं कर्ज खरोखर साचत जातं. खडकातल्या पाण्याला हा न्याय लावून चालत नाही.

अपवाद आहेत, आणि ते महत्त्वाचे आहेत. जळगाव जिल्ह्यातल्या रावेर-यावल भागात वरच्या थरांत बेसाल्ट नाही, तापीनं आणून टाकलेल्या गाळाचे जाड थर आहेत. तिथली साठवण खरी कणगीसारखी. केळीसाठी दर वर्षी भरण्याहून जास्त काढत गेलं की कणगी वर्षागणिक खाली जाते आणि एका पावसाळ्यानं भरत नाही. तिथं नातवानं आजोबांकडं बोट दाखवलं तर त्याला थोडा आधार आहे. दुसरा अपवाद म्हणजे शेकडो फूट खोल बोअरचं पाणी. त्याकडं येऊच.

## मग वारशात आलं काय?

जुन्या विहिरीत परत डोकवा, या वेळी दगडाकडं नको, माणसानं केलेल्या खुणांकडं पाहा. सगळ्यात वर मोटेचं थारोळं आणि बैलांची धाव. त्याखाली, आठ-दहा फुटांवर, भिंत फोडून केलेला एक ओटा आणि त्यात गंजलेले बोल्ट: इंजिन किंवा मोटर बसवायची जागा. त्याखाली दुसरा ओटा. काही विहिरींत तिसराही.

हे ओटे हौसेनं केलेले नाहीत. वर बसवलेला सेंट्रीफ्युगल पंप पाणी ओढतो तो हवेच्या दाबाच्या जोरावर. हिशेबानं ही ओढ १० मीटरपर्यंत, पण पाइपातलं घर्षण आणि फूट व्हॉल्व्हची गळती धरली तर ६–७ मीटरच्या पुढं पंप हवा धरतो आणि कोरडा फिरतो. पातळी त्याखाली गेली की मोटर खाली न्यायची, म्हणजे नवा ओटा. विहिरीची भिंत म्हणजे उपशाची वहीच म्हणायची: प्रत्येक ओटा सांगतो, की इथवर आलो आणि तरीही पाणी पुरेना.

मोटेच्या काळात विहिरीला ब्रेक होता, आणि तो ब्रेक बैलांचा होता. नाडा ओढून ते दमत, दुपारी सोडावे लागत. खोली वाढली की एका फेरीला वेळ जास्त. म्हणून मोटेवर भाजी, थोडा गहू आणि फार तर थोडासा ऊस निघायचा. इंजिनानं हा ब्रेक सैल केला, विजेच्या मोटरीनं काढून टाकला, आणि पाण्यात बुडून काम करणाऱ्या सबमर्सिबलनं तर सहा मीटरची मर्यादाही उडवली. आता ओटा लागत नाही. केबल आणि पाइप सोडला की झालं, भिंतीवर खूणसुद्धा उरत नाही.

तेव्हा वारशात आली ती रिकामी तिजोरी नव्हे. आल्या विहिरींची आणि मोटरींची वाढत गेलेली संख्या, बारमाही पिकांची घडी, त्यावर उभे राहिलेले कारखाने, आणि हे सगळं चालू ठेवणारे नियम. पाणी दर वर्षी नवं येतं. ते संपवायची यंत्रणा मात्र जुनी आहे, आणि ती दर वर्षी आपण चालू करतो.

## “तेव्हा कुणाला काय माहीत होतं?”

ही सबब टिकत नाही. पावसाचं पाणी शेतात मुरवून मगच नदीनाल्याला जाऊ द्यावं, त्यासाठी ताली-बंधारे घालावेत, हे जोतीराव फुल्यांनी १८८३ साली मांडलं होतं. धुळे-नाशिककडच्या पांझरा, मोसम या नद्यांवरची फड पद्धत त्याहूनही जुनी. बंधाऱ्याखालच्या जमिनीचे फड, म्हणजे मोठे तुकडे, पाडायचे आणि कोणत्या फडात कोणतं पीक हे सगळ्यांनी मिळून ठरवायचं. ऊस होता, पण एका फडात, आणि तोही आळीपाळीनं. पाणी मोजून वापरायचं असतं, हे सांगायला कुणी बाहेरून यावं लागलं नव्हतं.

१९७२ च्या दुष्काळानंतर तर इशारे नेमके झाले. पुरंदर तालुक्यातल्या नायगावात विलासराव साळुंखे या अभियंता-उद्योजकानं देवस्थानची सोळा हेक्टर जमीन कसायला घेऊन प्रयोग केला आणि त्यातून पाणी पंचायत उभी राहिली. तिचे नियम आजही धारदार वाटतात. पाणी जमिनीच्या प्रमाणात नाही, माणशी: दर डोई अर्ध्या एकराचं, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांचं. भूमिहीनालाही वाटा. पाण्याचा हक्क जमिनीला चिकटलेला नाही, जमीन विकली तरी पाणी विकलं जात नाही. खर्चाचा वीस टक्के भाग लाभार्थ्यांनी उचलायचा. आणि ऊस बंद. हा शेवटचा नियमच सगळ्यांना बोचला.

कालव्यांच्या बाबतीत वि. म. दांडेकर, दत्ता देशमुख आणि देऊसकर यांच्या समितीनं १९७९ साली आठमाही सिंचनाची शिफारस केली: पाणी खरीप-रब्बीला द्या, उन्हाळी पाण्यावर बारमाही पीक पोसू नका, म्हणजे तेवढ्याच पाण्यात जास्त शेतकरी बसतील. माधवराव चितळे आयोगानं १९९९ साली खोऱ्यांची मांडणी अतितुटीची, तुटीची, सर्वसाधारण, विपुल अशी करून दिली. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या निरीक्षण विहिरींच्या नोंदी तर दशकानुदशकं चालू आहेत, वर्षातून चार वेळा.

माहिती नव्हती असं नाही. ती वापरणं कुणाच्या सोयीचं नव्हतं.

## मग ऐकलं का नाही?

इथं ‘पिढी’ हा शब्द थोडा बाजूला ठेवावा लागतो. १९७२ साली ज्यांनी लाल मिलोच्या भाकरी आणि सुकडी खाल्ली, त्यांना विहीर आणि मोटर म्हणजे पुन्हा ते दिवस न येण्याची हमी होती. त्याच दुष्काळानंतर खडक फोडणारे रिग गावोगाव फिरले, हातपंप बसले. जालना आणि सोलापूर इथं घडलेल्या हातपंपांवरून पुढं इंडिया मार्क-२ तयार झाला. बायकांच्या डोक्यावरचा हंडा थोडा हलका झाला तो या बोअरांनीच. बोअर म्हणजे पाप, असं सरसकट म्हणणाऱ्यानं हे विसरू नये.

बिघडलं ते पिण्यासाठी आणलेलं यंत्र बारमाही पिकाच्या दावणीला बांधलं गेलं तेव्हा. तीन गोष्टींनी ते सोपं केलं. पहिली, वीज. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस शेतीपंपांचं बिल मीटरऐवजी हॉर्सपॉवरवर आलं. पाच एचपीची मोटर चार तास चालवा की अठरा, बिल तेच. मग ती बंद कशाला करायची? ऑटो स्विच लावला की वीज आली रे आली की मोटर आपोआप सुरू, शेतात माणूस असो वा नसो. दुसरी, बाजार. उसाला ठरलेला भाव आणि उचलायला कारखाना. ज्वारी-करडईला यातलं काहीच नाही. कोरडवाहू पीक घेणारा शहाणा असेलही, पण मुलीच्या लग्नाला कर्ज मिळतं ते ऊसवाल्याला.

तिसरी गोष्ट कायदा, आणि ती फारशी कुणी बोलत नाही. इंग्रजांच्या काळातल्या १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यानुसार, ठरीव पात्रातून न वाहणारं जमिनीखालचं पाणी गोळा करून वापरण्याचा हक्क जमीनमालकाचा. १८८२ साली, मोटेच्या जमान्यात, यानं कुणाचं फारसं बिघडत नव्हतं. पण जलधर बांध ओळखत नाही. साडेसहा इंची बोअर घेऊन शेजाऱ्याच्या विहिरीचं पाणी आपल्या बांधाआत ओढणं यानं कायदेशीर झालं.

आवरायचे प्रयत्न झाले. ज्या पाणलोटात उपसा ठरावीक मर्यादेबाहेर गेला ते ‘डार्क’ ठरवून तिथं विहिरीसाठी बँकेचं कर्ज बंद करण्यात आलं. परिणाम काय? ज्याच्याकडं स्वतःचा पैसा होता त्यानं बोअर मारलं, ज्याच्याकडं नव्हता त्यानं सावकाराकडून काढून मारलं. मोटरला वीज मिळतच होती. १९९३ च्या कायद्यानं सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर घेता येणार नाही असं ठरवलं. पुढचा कायदा नावानं २००९ चा, लागू झाला जून २०१४ मध्ये. त्यात ६० मीटरपेक्षा खोल ती खोल विहीर, आणि अधिसूचित क्षेत्रात शेतीसाठी वा उद्योगासाठी तिला मनाई. कागदावर पाच वर्षं वाट पाहणारा कायदा आणि रात्रीत सहाशे फूट जाणारा रिग, यांच्या शर्यतीत कोण जिंकणार हे वेगळं सांगायला नको.

## बोअर खोल गेलं की नेमकं काय बिघडतं?

दोनशे फुटांना पाणी लागलं नाही तर चारशेला लागेल, हा हिशेब वाळूच्या प्रदेशात कदाचित चालेल. बेसाल्टमध्ये खाली जावं तशा भेगा कमी आणि अरुंद होत जातात. जे पाणी लागतं ते वर्षानुवर्षं झिरपत पोचलेलं असतं आणि भरून यायला तितकाच वेळ घेतं. म्हणून नवं बोअर पहिल्या वर्षी तीन इंची पाणी देतं, दुसऱ्या वर्षी एक इंची, आणि तिसऱ्या वर्षी दहा मिनिटं चालून अर्धा तास थांबतं. बोअर ‘आटलं’ असं आपण म्हणतो. खरं तर त्यात पहिल्यापासून जुनी शिल्लकच खर्ची पडत होती, नवी मिळकत नव्हती.

दुसरा बिघाड कमी दिसणारा आणि जास्त वाईट. मघाचा तांबडा पट्टा आठवतो? तो वरचं पाणी वर धरून ठेवतो. बोअर त्याला भोक पाडतं. केसिंग पाइप फक्त वरच्या मऊ थरापुरता टाकलेला असतो, खाली उघडा खडक. मग वरच्या मांजऱ्यातलं पाणी त्या भोकातून खालच्या रिकाम्या भेगांत उतरायला लागतं. बोअरच्या तोंडाशी कान लावला तर पाणी पडल्याचा आवाज येतो, आणि मालक खूश होतो. तो आवाज शेजारच्या विहिरीचं पाणी गळत असल्याचा असू शकतो. कोरडं गेलेलं आणि तसंच सोडलेलं बोअरही हे काम इमानेइतबारे करत राहतं.

विजेचं गणित पाहा. पाच एचपीचा संच ४० टक्के कार्यक्षमतेनं २० मीटरवरून ताशी सुमारे २७ हजार लिटर उपसतो. तोच १०० मीटरवरून साडेपाच हजार. पाचपट वीज, तेवढंच पाणी. शिवाय यवतमाळ, चंद्रपूरसारख्या जिल्ह्यांत खोल पाण्याबरोबर फ्लोराइड वर येतं, ज्यानं दात पिवळे पडतात आणि पुढं हाडं आखडतात.

## “पाऊसच कमी झालाय, त्यात कुणाचा दोष?”

पाऊस बेभरवशाचा झालाय, हे खरं. पण एक फरक जुनी माणसं अचूक सांगतात: बहात्तरला पाणी होतं, धान्य नव्हतं, २०१३ ला धान्य होतं, पाणी नव्हतं. बहात्तरला पाऊस काही कमी दगा देऊन गेला नव्हता. तरीही विहिरीच्या तळाशी पिण्यापुरतं उरत होतं, कारण ते ओढून घेणारं दुसरं कुणी नव्हतं.

लातूरचं २०१६ आठवा. एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे आली, पहिल्या फेरीत दहा वाघिणी, पाच लाख लिटर. त्याच वर्षी पावसाळ्याच्या शेवटी मांजरा धरण भरलं. धरण म्हणजे खडकातला डबा नव्हे, पण रिकामा साठा भरायला एक चांगला पावसाळा पुरतो, हे त्यातून दिसतं. प्रश्न भरलेल्या डब्याचं पुढच्या आठ महिन्यांत काय केलं हा आहे.

## “पाणी अडवलं-जिरवलं की झालं”

निम्मं बरोबर. बंधारे, समतल चर, नाल्याचं खोलीकरण यांनी मुरणारा हिस्सा वाढतो. पण डबा तेवढाच राहतो. दोन टक्के पोकळीच्या खडकात तो ऑक्टोबरमध्ये भरला की वरचं पाणी वाहूनच जाणार. खोलीकरण करताना पोकलेननं नाला काळ्या पाषाणापर्यंत नेला, तर बाजूच्या मांजऱ्यातलं पाणी उलट नाल्यात पाझरून निघून जातं. नदी दोन महिने जास्त वाहते, फोटो छान येतात, विहिरी मात्र लवकर उतरतात.

शेततळ्याचं तर नावच फसवं ठरलंय. तळ्याला प्लास्टिक अंथरलं आणि ते बोअरच्या पाण्यानं भरलं, तर थंडगार खडकातलं पाणी आपण उन्हात आणून ठेवतो. तीस बाय तीस मीटरच्या तळ्यातून उन्हाळ्यात दिवसाला ७ मिलिमीटर वाफ धरली तरी चार महिन्यांत साडेसात लाख लिटर आभाळात जातं. पावसाचं वाहतं पाणी धरणारं शेततळं वेगळं आणि हे वेगळं. नाव मात्र दोन्हींचं एकच.

ठिबकचंही तसंच. ठिबकनं एकरी पाणी वाचतं, यात शंका नाही. वाचलेल्या पाण्यावर आणखी दोन एकर ऊस लावला तर विहिरीला वाचलं काय?

## गावाचा ताळेबंद मांडून पाहू

हे गणित शाळेतली मुलं करू शकतात, म्हणून मांडतो. गाव १,००० हेक्टरांचं, पाऊस ५०० मिलिमीटर. पडलेलं पाणी ५० लाख घनमीटर. त्यातलं दहा टक्के मुरलं: ५ लाख. सरकारी मोजणीत ७० टक्क्यांपर्यंत उपसा ‘सुरक्षित’ धरतात, ९० पर्यंत अंशतः शोषित, १०० पर्यंत शोषित, त्यापुढं अतिशोषित. सुरक्षित राहायचं तर हाताशी साडेतीन लाख घनमीटर.

आधी पिण्याचं. २,००० माणसं, माणशी रोज ५५ लिटर: वर्षाला ४० हजार घनमीटर. हजार मोठी जनावरं, रोज ५० लिटर: १८ हजार. उरलं सुमारे २ लाख ९० हजार. आता पिकं. रब्बी ज्वारीला दोन पाळ्या, हेक्टरी दीड हजार घनमीटर: जवळजवळ १९० हेक्टर भिजतात. कांद्याला हेक्टरी सहा हजार धरले तर ४८ हेक्टर. पाटानं दिलेल्या उसाला हेक्टरी वीस हजार: साडेचौदा हेक्टर. हजार हेक्टरांच्या गावात साडेचौदा हेक्टर ऊस, आणि बाकी कुणालाही विहिरीचं एक पाणी नाही. उलटं करून पाहा: एक हेक्टर उसाला चाळीस हेक्टरांत मुरलेलं सगळं पाणी लागतं. ते चाळीस हेक्टर बहुधा दुसऱ्या कुणाचे असतात.

आकडे प्रत्येक गावाचे वेगळे निघतील. म्हणून मोजणी स्वतः करावी. गावातल्या दहा-बारा विहिरी निवडायच्या, काही माथ्यावरच्या, काही ओढ्याकाठच्या. दोरीला दगड बांधून काठापासून पाण्यापर्यंतचं अंतर मोजायचं. मोटर बंद करून रात्रभर विहीर शांत ठेवल्यावर सकाळी, नाहीतर आकडा खोटा येतो. काठावर रंगानं खूण करायची म्हणजे दर वेळी एकाच जागेवरून माप निघेल. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात एकदा आणि मेअखेर एकदा. ग्रामपंचायतीचा पर्जन्यमापक रोज सकाळी वाचायचा. ऑक्टोबरचा आकडा हाती आला की रब्बीत काय पेरायचं ते ठरवायचं. पेरून झाल्यावर ठरवण्यात काही अर्थ नसतो. हिवरे बाजार हेच करत आलंय: जेमतेम ४०० मिलिमीटर पावसाचं गाव, शेतीसाठी बोअर बंद, ऊस-केळी बंद, आणि पाऊस कमी पडला की उन्हाळी पीक नाही.

## जबाबदारी कुणाच्या नावावर लिहायची?

वयानुसार वाटली तर ती चुकीच्या दारात जाते. १९८० साली एक विहीर आणि तीन एचपीची मोटर असलेला शेतकरी आणि मीटर काढून टाकणारा निर्णय, हे एकाच पिढीचे होते. भार मात्र सारखा नाही. नायगावात माणशी अर्धा एकर मोजणारेही त्याच पिढीचे. आठमाहीची शिफारस लिहिणारे आणि ती बासनात ठेवणारे, दोघांची जन्मसालं जवळपास तीच. त्या पिढीनं मागं ठेवलेलं सगळ्यात महागात पडलेलं काम म्हणजे विजेचा दर आणि पिकांची घडी, आणि तिचा सगळ्यात मोठा उपकार म्हणजे पन्नास वर्षांच्या नोंदी.

आणि नातवंडांचं? सहाशे-आठशे फुटांची बोअर काही आजोबांनी मारलेली नाहीत. ती बहुतेक गेल्या वीस-पंचवीस वर्षांतली, त्यांचे हप्ते अजून चालू आहेत. आजोबांच्या विहिरीला एक सोय होती: पाणी सरलं की ते सगळ्यांना दिसायचं. काठावर उभं राहिलं की कळायचं, कुणाची मोटर किती चालते आणि पातळी कुठं आलीय. साडेसहा इंची भोकात डोकावून काहीच दिसत नाही. म्हणून गावाच्या मोजणीत बोअर धरायची असतील, तर नवं मारतानाच केसिंगशेजारून अर्धा इंची नळी पंपापर्यंत सोडून ठेवावी लागते, म्हणजे पुढं त्यातून दोरी खाली जाऊ शकते. खर्च काही फुटांच्या पाइपाचा. मारून झाल्यावर, पंप वर काढून हे करायचं म्हटलं की सहसा कुणी तयार होत नाही.